बिऱ्हाड मांडताना

आज बसायला आसन नको. जिन्याची पायरी चालेल. जुन्या इमारतीच्या जिन्यातली, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावरची, जिथं भिंतीत सिमेंटची जाळी असते आणि तिच्यातून उन्हाचे चौकोन पावलांवर पडतात. तिथं बसा. हातात घराची किल्ली घ्या. मुठीत धरा, पण आवळू नका.

हे मनन भाड्याच्या घराचं आहे. तुम्ही आज स्वतःच्या घरात राहत असाल तरी बसायला हरकत नाही. बहुतेकांच्या घराण्यात एखादी तरी भाड्याची खोली असते, आई-वडिलांची नाहीतर आजोबांची, आणि तिच्यातला एखादा तांब्या अजून वापरात असतो. घाई नाही. जिन्यातून कुणी वर निघालं तर गुडघे आवरून वाट द्या, आणि पुन्हा तसेच बसा.

किल्ली आधी गार लागते, मग मुठीच्या उबेनं कोमट होते. ती तुमची नाही. मालकांनी दिली तेव्हा तिला सुतळीचा तुकडा बांधलेला होता. तिचे दात झिजलेत ते तुमच्या हातानं नाहीत. तुमच्याआधी ती दुसऱ्यांच्या खिशात, दुसऱ्यांच्या पदराच्या गाठीला होती. पण कुलपात अर्धी सरकवली की ती जराशी वर उचलावी लागते, मग फिरते. वीज गेलेली असताना, हातात भाजीची पिशवी असताना, तुमचं मनगट ते न विचारता करतं. मालकांना विचाराल तर त्यांना हे ठाऊक नसेल. तुमची नसलेली किल्ली आणि तुमच्या मनगटातली ती उचल, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. कोडं म्हणून सोडवायला जाऊ नका. नुसत्या असू द्या.

आपल्या भाषेनं हा भेद फार पूर्वी करून ठेवला आहे. घर वेगळं, बिऱ्हाड वेगळं. घराचा सिटी सर्व्हेला उतारा निघतो. बिऱ्हाडाचा निघत नाही. घर बांधतात, बिऱ्हाड मांडतात, जसा डाव मांडतात, पूजा मांडतात. मांडलेलं आवरता येतं, हे त्या क्रियापदालाच माहीत आहे. म्हणीनं विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड ठेवलं ते थट्टेनं असेल, पण मला त्यात विंचवाचा थोडा मानही दिसतो. त्याचं जे काही आहे ते त्याच्याजवळ आहे.

सांगलीला हा शब्द आणखी एका वाटेनं ओळखीचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय आटला, आणि भावे आपली मंडळी घेऊन परगावच्या वाटेला लागले. पुढं नाटक कंपन्यांचे दिवस आले तेव्हा गावात विचारायचे, कंपनीचं बिऱ्हाड कुठं उतरलंय? पडद्यावरचा राजवाडा गुंडाळून भिंतीला टेकवलेला, आणि राजा भाड्याच्या माडीवर सतरंजी टाकून झोपलेला. आपली रंगभूमी वाढली ती अशी, बिऱ्हाडकरू म्हणून. असो. जिन्यावर परत येऊ.

आता उठा आणि सावकाश चढा. मी सातारचा जिना धरतो, तो माझ्या पायांना पाठ आहे. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाणारे दोन रस्ते, वरचा आणि खालचा. त्यांच्या मधल्या आणि आसपासच्या बोळांत वाडे पाडून अशा इमारती उभ्या राहिल्या. तीन मजले, लिफ्ट नाही, इमारतीला देवाचं नाहीतर मालकांच्या आईचं नाव. खाली विजेच्या मीटरांची लाकडी फळी आणि फळीवर खडूनं लिहिलेली आडनावं. त्यातली निम्मी माणसं केव्हाच सोडून गेलेली. कठड्यावर हात ठेवा. लाकूड जिथं गुळगुळीत झालंय तिथं सगळे धरतात, म्हणजे तिथंच दम लागतो. एका दारामागे फोडणी, दुसऱ्या दारामागे कुकरची तिसरी शिट्टी. दारं बंद आहेत तरी कुणाकडे काय शिजतंय हे तुम्हाला कळतंय. आणि तुमच्याकडे काय शिजतं हे त्यांनाही. याचा कधी राग यायचा, आठवतं? आता तो राग कुठं आहे, बघा.

दार उघडा. (किल्ली जराशी वर.) मोझॅकची फरशी, मोरीत शहाबादी, पश्चिमेच्या भिंतीला ओल. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो असं जाहिरातीत नव्हतं, पण दिसतो; आषाढात मात्र दिवसचे दिवस दिसत नाही, ढग उतरून बसतात. त्या दिवसांत साताऱ्यात कपडे वाळत नाहीत. घरात दोऱ्या बांधाव्या लागतात आणि दोन खोल्यांच्या चार होतात. भिंतीचा रंग फुगतो, पोपडे सुटतात, केरसुणीला रोज मूठभर चुना लागतो. गच्चीला डांबर मारायचं मालक दर वर्षी म्हणतात. दर वर्षी म्हणतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो.

त्या ओलीच्या डागाकडे पाहा. तक्रार जरा वेळ खाली ठेवा. ती कुठं पळून जात नाही. डाग कोपऱ्यातून निघतो, खिडकीच्या चौकटीला वळसा घालून खाली येतो. पाणी आपली वाट सोडत नाही. त्याला भिंत कुणाच्या मालकीची आहे हे कळत नाही. ह्या डागाकडे आपण नंतर पुन्हा येणार आहोत.

आता खिळ्यांकडे. करारात एक कलम असतंच, भिंतीला खिळे मारू नयेत. तरी प्रत्येक भाड्याच्या भिंतीला आधीच्यांचे खिळे असतात. कॅलेंडरचा, घड्याळाचा, देवाच्या तसबिरीचा, मच्छरदाणीचे चार. आम्ही त्या खोलीत गेलो तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्याही खाली एक खिळा होता. इतक्या खाली कशाला? छत्रीला बुटका, चपलांना उंच. वर्षभर उलगडा झाला नाही. मग पाहुण्यांकडचं पाच-सहा वर्षांचं पोर आलं, आणि इकडं तिकडं न बघता त्यानं गळ्यातली पिशवी काढून थेट तिथं अडकवली.

त्या खिळ्यापाशी थोडं थांबा. त्या घरात एक मूल होतं. त्याच्या बापानं किंवा आईनं कलम मोडून, त्याच्या हाताच्या उंचीला, एक खिळा मारला होता. आम्ही ती माणसं कधी पाहिली नाहीत. तुमच्या भिंतीवर असा कुठला खिळा आहे, ज्याचं कारण तुम्हाला लागलेलं नाही?

आणि आता कान द्या. पहाट आहे. जुन्या इमारतीत पाणी येण्याआधी नळ बोलतो. आधी पोकळ खोकला, मग हवेचा फुसकारा, मग दोन थेंब, मग धार. साताऱ्यात ती धार कासहून आलेली असते. यवतेश्वरचा घाट चढून पुढं गेलं की पठारावर तो तलाव, इंग्रजी अमदानीत बांधलेला, आणि तिथलं पाणी वर्षानुवर्षं उघड्या पाटानं डोंगराच्या कडेकडेनं शहराकडे आलं. इमारतीत मात्र ते तळमजल्याच्या टाकीशी थांबतं. तिथून वर चढवायला मोटर लागते आणि मोटर लावायला कुणीतरी जागं लागतं. प्रत्येक इमारतीत असा एक माणूस असतो, किंवा बाई. नेमलेलं नसतं. “पाणी आलं का ओ?” ह्या प्रश्नाला अंथरुणातूनच उत्तर देणारं. आमच्या इमारतीत त्या मधल्या मजल्यावरच्या काकू होत्या, स्वतः भाडेकरू. त्या माहेरी गेल्या की तीन मजले कोरडे. घरमालकांचं नाव पाटीवर होतं, पण इमारत कोण चालवतं हे बादल्यांना माहीत होतं.

तुमच्या इमारतीतलं ते माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचे आभार मानायचे राहिले असतील तर ते इथं मनात मानून मोकळं होऊ नका. उद्या जिन्यात भेटेल तेव्हा माना.

किल्लीच्या मागोमाग कागद येतो. कागदावरही थोडं मनन करू. आपल्याकडे ते होत नाही, नुसती सही होते. अकरा महिने. अकराच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून बारावा महिना टाळायची रीत पडली. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. पळवाट बुजली. अकराचा आकडा मात्र राहिला, वाडा पाडल्यावर उंबरा राहावा तसा.

त्याच कायद्यात भाडेकरूला भाड्याची पावती मिळाली पाहिजे असं आहे. वाजवी कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही. मालकानं गरजेची दुरुस्ती केली नाही तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत, असंही आहे. ओलीच्या डागाखाली बसून हे वाचलं की बरं वाटतं. पण बहुतेकांच्या हातातला कागद आता लिव्ह अँड लायसन्सचा असतो, आणि त्या कागदावर आपण भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. मुदत संपूनही राहिलात तर दुप्पट दरानं भरपाई. परवाना हा शब्द मनात एकदा फिरवून बघा. इथं झोपायचा परवाना. इथं पापड वाळत घालायचा परवाना. अकराव्या महिन्यात पोटात जो खड्डा पडतो तो ह्या शब्दाचा असतो, पैशाचा नंतर.

मालकांच्या बाजूला जाऊन बसायलाही हरकत नाही, पायरी रुंद आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या भाडेकरूंची भाडी १९४० सालाशी बांधून ठेवली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात माणसं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून ते हवंच होतं. पण वर्षं गेली, कौलं फुटली, तुळया वाळवीनं खाल्ल्या, आणि महिन्याचं भाडं एका कौलाच्या किमतीला पुरेना. मालक दुरुस्त करीना, भाडेकरू सोडीना, आणि वाडा दोघांच्या मधे बसत गेला. १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली तोवर पुष्कळ वाडे पाडून झाले होते. म्हणजे तुम्ही चढलात तो जिनाही एका जुन्या भांडणाच्या जोत्यावर उभा आहे. आजही एखाद्या इमारतीची मालकीण म्हणजे एकटी आजी असते, आणि तुमचं भाडं हेच तिचं पेन्शन. ती दहा तारखेला दारात येते, आत येत नाही, गुडघे दुखतात म्हणते. तिला खुर्ची देता का तुम्ही? मी एकदा दिली नव्हती. आधीच्या महिन्यात गळतीवरून बोलाचाली झाली होती. ते अजून खुपतं.

आता एक अवघड जागा. इथं श्वास मोठा घेऊन काही होणार नाही, नुसतं ऐकायचं आहे.

“आडनाव काय?”

फोनवर, जिन्यात, एजंटाच्या दुकानात. खोली दाखवण्याआधी. प्रश्नानंतर जी शांतता पडते ती ऐका. कुणासाठी ती अर्ध्या सेकंदाची असते आणि लगेच “या, चहा घ्या” येतं. कुणासाठी ती लांबत जाते, आणि मग कळतं की खोली कालच गेली, पाटी काढायची राहिली. कधी आडनावाच्या ऐवजी “मटण-मच्छी करता का?” असं विचारतात. सातारा-सांगलीसारख्या तांबड्या रश्शाच्या मुलखात हे कितीदा खरंच मटणाबद्दल असतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

राजवाड्याजवळ प्रतापसिंह हायस्कूल आहे. तेव्हा सरकारी शाळा असलेल्या त्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. त्याच्या वडिलांचं, रामजी सकपाळांचं, बिऱ्हाड त्या काळात सातारला होतं. हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन बघून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, आणि त्याला तिथं राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन, रोजचा दीड रुपया देऊन तो एका पारशी सराईत उतरला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिन्यानं वर आली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहिलं आहे. सामान घेऊन बाहेर पडावं लागलं, आणि गाडी येईपर्यंतचा वेळ बडोद्याच्या बागेत बसून काढावा लागला.

आपल्याला अकरा महिने खुपतात. त्यांना अकरा दिवस मिळाले.

ही गोष्ट जुनी म्हणून कपाटात ठेवू नका. तुम्ही कधी तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला उभे होता का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये, “बाकी काही नाही, माणसं आपल्यातली असावीत” असं कुणी म्हणालं तेव्हा तुम्ही चहाच्या कपाकडे बघत होता का? उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही. इथं जितका वेळ लागेल तितका लागू द्या.

मग डागाकडे परत या.

आषाढातली रात्र. पश्चिमेच्या भिंतीवरून पाणी उतरतंय, तुम्ही खाली पातेलं ठेवलंय. पातेल्यात पडलं ते तुमचं. गच्चीच्या पन्हळीतून जे गेलं त्याच्यामागे जाऊ. गटारातून ओढ्याला, ओढ्यातून वेण्णेला. माहुलीला वेण्णा कृष्णेत शिरते. पुढं उरमोडी येते, तिचा उगम कासच्याच बाजूचा. कराडला कोयना समोरून येऊन भिडते आणि नदी वळते. औदुंबर, भिलवडी. ऊस दोन्ही काठांना. मग सांगली, आयर्विन पूल, १९२९ सालचा. आणि त्याच्या खांबावरचे फुटांचे आकडे. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि ती तुंबलेली असेल तर कृष्णेलाही पुढं जायला वाट नसते.

साताऱ्यात वरून आलं ते सांगलीत खालून येतं.

सांगलीत खोली बघायला जाणारा माणूस हवा-उजेड विचारण्याआधी विचारतो, “पुराचं पाणी येतंय का?” सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं दर पावसाळ्यात आधी ऐकू येतात. आयर्विनला ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. हे आकडे तिथल्या भाडेकरूला स्वतःच्या भाड्याइतके पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

तुम्ही मघाशी ज्या पायरीवर बसलात तिथं परत या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधलं वळण. आता ही पायरी सांगलीची आहे आणि खालच्या सहा पायऱ्या दिसत नाहीत. पाणी मातकट, जवळजवळ स्थिर, त्यावर एक चप्पल आणि कुणाचा तरी प्लास्टिकचा डबा. तळमजल्याचं बिऱ्हाड तुमच्या आजूबाजूला रचलेलं आहे: सिलिंडर, गादीची वळकटी, धान्याची कोठी, टीव्ही चादरीत बांधलेला, दप्तर. तळमजल्याचं भाडं वरच्यापेक्षा कमी होतं, म्हणून ते तिथं राहत होते. आज ते वरच्या मजल्यावर, कुणाच्या तरी हॉलमध्ये, दोन कुटुंबं एका स्टोव्हवर. “ओ वहिनी, पाणी कुठवर आलंय?” “अजून एक पायरी.” कोण मालक, कोण भाडेकरू, कोण काय खातं, ह्याची चौकशी त्या रात्री कुणी करत नाही. पुढच्या महिन्यात करतील. माणसं पुरानं धुऊन निघतात असं मला म्हणवत नाही.

जिना कुठल्याच करारात नसतो. त्याचं भाडं कुणी घेत नाही. त्या पायरीवर हात ठेवा.

पाणी उतरतं तेव्हा गाळ राहतो, आणि वास, जो फिनेलनं जात नाही. भिंतीवर एक आडवी रेघ राहते, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. पंचनाम्याला आलेले विचारतात, घर कुणाच्या नावावर? विजेचं बिल मालकांच्या नावावर, रेशनकार्ड गावाकडच्या पत्त्याचं, करार भिजून लगदा झालेला. भिजलेली गादी तेवढी आपली. तिच्यावर नाव नसतं. रस्त्याच्या कडेला अशा गाद्यांचा ढीग लागतो आणि सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात.

शेवटी बिऱ्हाड आवरायचं. सातारचं असो, सांगलीचं असो. कॅलेंडर काढलं की त्याच्यामागे भिंतीचा मूळ रंग निघतो, तुम्ही राहायला आलात त्या दिवशीचा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पोरं मुद्दाम ओरडतात. केर काढा, शेवटचा केर काढण्यात एक शिस्त आहे, ती करारात नाही. काकूंना सांगा, माझं टपाल आलं तर ठेवा. किल्लीला सुतळी बांधा.

सांगलीच्या गावभागातल्या एका तळमजल्याच्या खोलीत दाराच्या चौकटीला लागून भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. अक्षरं तीन वेगवेगळ्या हातांची. दर वेळी भाडेकरू वेगळा होता. सगळ्यात वरची २०१९ ची, माळ्याच्या फळीच्या जवळ. नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा मालकांनी खोली रंगवून घेतली, आणि रंगाऱ्याला सांगितलं, चौकटीजवळची वीतभर पट्टी सोड. नवीन बाईंनी सामान लावायच्या आधी ती पट्टी वाचली. मग नवऱ्याला म्हणाल्या, “गहू फळीवर ठेवूया. आणि कागदपत्रांची पिशवी वरच्या वहिनींकडं देऊन या.”